खिडकीचा भोगवटा



संगणक दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात अर्धा तास बसले की एक संवाद हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक धुळीने माखलेला सीपीयू काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "नवीन घेतोय. यातली विंडोज काढून त्यात टाकून द्या." कारागीर मान वर न करता विचारतो, "ओरिजिनल आहे का?" गिऱ्हाईक जरा दुखावते. "म्हणजे काय? पैसे मोजून घेतलीय." मग कारागीर डबा फिरवतो, बाजूचे स्टिकर शोधतो, त्यावरची धूळ अंगठ्याने पुसतो आणि निकाल देतो, "ही नाही जाणार. ही याच मशीनची आहे."

पैसे दिलेले, वस्तू चालू, मालक तोच. तरी ती जाणार नाही. घर बदलताना पंखा सोबत जातो, शेगडी जाते, भिंतीवरचे घड्याळ जाते. मोबाइलचा हँडसेट बदलला तरी नंबर जातो. २० जानेवारी २०११ पासून तर देशभर कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. मग विंडोजचेच घोडे कुठे अडले?

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजून घ्यायला सातबारा पुरतो. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग-१ असेल तर जमीन सर्वसाधारणपणे मोकळेपणाने विकता येते. वर्ग-२ असेल तर नांगर तुमचा, पीक तुमचे, सारा तुम्हीच भरायचा. पण जमीन दुसऱ्याच्या नावावर करायची म्हटली की परवानगीचा कागद लागतो. दोन्ही शेते बांधावरून सारखीच दिसतात. फरक दिसतो तो उताऱ्यावर. विंडोजचेही असेच वर्ग आहेत. पेटीत बंद किंवा ऑनलाइन, पण सुटी विकत घेतलेली ती रिटेल. यंत्राबरोबर आधीच घालून आलेली ती ओईएम. कंपन्या आणि संस्था घाऊक घेतात ती व्हॉल्यूम. पडद्यावर तिघींचा चेहरा एकच. वापरणाऱ्याला आपली कोणत्या वर्गातली, याचा पत्ता बहुधा मशीन बदलायची वेळ आल्यावरच लागतो.

नियमाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० आणि ११ च्या परवाना-करारात हस्तांतरणाचे एक स्वतंत्र कलम आहे. यंत्राबरोबर आलेली प्रणाली दुसऱ्याला द्यायची तर यंत्रासकट द्या, असे ते सांगते. सुटी घेतलेली असेल तर ती स्वतःच्या दुसऱ्या यंत्रावर न्या, मात्र जुन्यावरून काढून टाका. ती दुसऱ्या माणसालाही देता येते. अट एवढीच की देणारा पहिला परवानाधारक हवा आणि घेणाऱ्याने करार मान्य करायला हवा. म्हणजे हस्तांतरणाचा प्रश्न वायरी, डिस्क, पेनड्राइव्ह यांचा नाही. परवाना कुणाच्या नावावर चढला आहे, यंत्राच्या, माणसाच्या की खात्याच्या, हा तो प्रश्न आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत त्याचे उत्तर अनेकदा बदलले, आणि दर वेळी फेरफाराची नोंद विकणाऱ्यानेच घातली. क्वचित कधी गिऱ्हाइकांनी किंवा न्यायालयांनी ती खोडायला लावली.

सुरुवातीला तर परवाना नावाची वेगळी चीजच नव्हती. १९६० च्या दशकात आयबीएमचा संगणक भाड्याने घेतला की सॉफ्टवेअर त्याच्यासोबत येई, जसे बैलगाडीबरोबर जू येते. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करण्याची घोषणा केली. सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र बाजाराचा जन्म अनेकजण त्या दिवसापासून मोजतात. त्या वाटणीतही यंत्र चालवणारी मूळ प्रणाली यंत्राकडेच राहिली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. उपयोजनांना किंमत लागली, ऑपरेटिंग सिस्टिम यंत्राच्या पदराला बांधलेलीच राहिली.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्याची डॉस प्रणाली ४० डॉलरला सुटी विकली जात होती. ती पुरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने एक हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता: हीच प्रणाली इतर संगणक उत्पादकांनाही देण्याचा. पुढची कमाई त्या हक्कातून आली. उत्पादकांशी होणाऱ्या करारांत एक प्रकार प्रोसेसरमागे पैसे मोजण्याचा होता. कारखान्यातून जितकी यंत्रे बाहेर पडतील तितक्यांचे शुल्क द्यायचे, मग एखाद्या यंत्रात डॉस असो वा नसो. पैसे दोन्हीकडून जाणारच, तर दुसऱ्याची प्रणाली कोण घालणार? अमेरिकेच्या न्याय खात्याने यावर बोट ठेवले आणि १५ जुलै १९९४ च्या तडजोडीत मायक्रोसॉफ्टने हा प्रकार बंद करण्याचे मान्य केले. सवय मात्र पडून गेली होती. संगणक म्हणजे त्यात विंडोज असणारच, आणि ती त्या संगणकाचीच, हे गिऱ्हाइकाच्या अंगवळणी पडले.

तोवर हे सगळे कागदावरच होते. यंत्राला त्यातले काही कळत नव्हते. विंडोज ९५ च्या पेटीत दहा आकड्यांची एक की असे, आधी तीन आणि मग सात. संगणक काय तपासत होता? मुख्यतः एवढेच, की शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने नि:शेष भाग जातो की नाही. सातही ठिकाणी एकच आकडा भरला तरी बेरीज जमते. म्हणून ओळीने सगळे एक टाइप केले तरी विंडोज ९५ निमूट आत यायची. कुलूप होते, पण ते चौथीच्या गणिताने उघडत होते. त्या काळात "विंडोज टाकून द्या" हे वाक्य शब्दशः खरे होते. एक सीडी गल्लीभर फिरे.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली आणि यंत्राला पहिल्यांदा स्मरणशक्ती मिळाली. की भरून काम संपत नव्हते. तीस दिवसांच्या आत इंटरनेटवरून किंवा फोनवरून अ‍ॅक्टिव्हेशन करायचे, नाहीतर दार बंद. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे नेमके काय पाठवले जाते, याची तेव्हा बरीच धास्ती होती. बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने जुलै २००१ मध्येच ते उकलून जाहीर केले. संगणकाच्या दहा भागांची ओळख घ्यायची: प्रोसेसर, मेमरीचे आकारमान, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, सीडी ड्राइव्ह वगैरे. प्रत्येकीचा अगदी छोटा सारांश काढायचा आणि तो कीच्या क्रमांकाशी जोडायचा. सारांश इतका त्रोटक की त्यावरून मूळ भाग ओळखता येऊ नये, पण भाग बदलला तर ते कळावे.

थोडक्यात, यंत्राचा पंचनामा करून तो परवान्याला टाचला गेला. आणि लगेच एक जुना तात्त्विक प्रश्न दुकानाच्या काउंटरवर येऊन बसला. मेमरी बदलली, डिस्क बदलली, कार्ड बदलले, तर संगणक तोच की दुसरा? एक्सपीकडे त्याचे आकडेवारी उत्तर होते. नेटवर्क कार्ड जुनेच असेल तर इतर सहा भाग बदलेपर्यंत संगणक तोच. कार्डही बदलले असेल किंवा मुळात नसेल तर चार बदलांत तो परका. घराण्याची ओळख एका कार्डावर इतकी टिकून होती.

कीसुद्धा आता पंचवीस अक्षरांची झाली होती, पाच-पाचच्या पाच गटांत. तिची वर्णमाला पाहण्यासारखी आहे. रोमन लिपीतली सतरा अक्षरे आणि सात आकडे, एकूण चोवीस चिन्हे. स्वर एकही नाही, त्यामुळे चुकून एखादा भलता शब्द तयार होण्याची भीती उरत नाही. शून्य आणि ओ दोन्ही गाळलेले. एक, आय आणि एल तिन्ही गाळलेले. पाच आणि एस दोन्ही गाळलेले. गिऱ्हाईक वाचताना कुठे अडखळेल याचा विचार कुणीतरी बसून केला होता. तरी बी आणि आठ दोन्ही राहिले, जी आणि सहाही राहिले. लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेले स्टिकर मांडीच्या उबेने आणि हाताच्या घामाने पुसट झाले की नेमके हेच जोड दगा देतात. भिंग घेऊन, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून "हा आठ आहे का बी?" असे एकमेकांना विचारणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा तपशील किरकोळ वाटणार नाही.

तरीही पहिला तडा गेलाच. घाऊक परवान्यांच्या प्रतींना हे अ‍ॅक्टिव्हेशन लागत नसे, आणि अशीच एक घाऊक की एक्सपी दुकानांत पोहोचण्यापूर्वीच फुटली. जगभर सीडींच्या पाठीवर ती हाताने लिहिलेली सापडू लागली. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ती अडवली.

हस्तांतरणाच्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग मात्र २००६ चा आहे. विंडोज व्हिस्टा येऊ घातली होती. ऑक्टोबरमध्ये तिच्या रिटेल परवान्याचा मसुदा जाहीर झाला आणि त्यात एक नवे वाक्य निघाले: परवाना दुसऱ्या यंत्रावर एकदाच नेता येईल. एकदा, बस्स. स्वतः संगणक जोडणाऱ्या, दर दीड-दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलणाऱ्या हौशी मंडळींनी गदारोळ केला. पूर्ण किंमत मोजून सुटी प्रत घेणारे गिऱ्हाईक मुख्यतः हेच होते. बाकी जग तर यंत्राबरोबर येईल ती वापरत होते. २ नोव्हेंबर २००६ रोजी कंपनीने माघार घेतली. जुन्या यंत्रावरून काढा, नव्यावर घाला, कितीदाही, अशी भाषा करारात परत आली. आज रिटेल परवाना हवा तितक्यांदा हलवता येतो, त्याचे श्रेय त्या काही आठवड्यांच्या आरडाओरड्याला आहे.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, तपासणाऱ्या सर्व्हरचीच चूक झाली आणि साधारण एकोणीस तास अस्सल विंडोजलाही नकली ठरवले गेले. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे बारा हजारांहून कमी संगणकांना त्याचा फटका बसला. संख्या लहान होती. पण पावती खिशात असलेल्या माणसाला आपलाच संगणक चोर म्हणतो, हा अनुभव त्या दिवशी काहींना आला.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आली आणि स्टिकरवरची की गेली. मोठ्या उत्पादकांच्या यंत्रांत ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, फर्मवेअरच्या एका छोट्या कोष्टकात कोरली जाऊ लागली. विंडोज पुन्हा घातली की ती स्वतःच तिथे डोकावते, की वाचते आणि आपोआप अस्सल ठरते. गिऱ्हाइकाला की दिसतही नाही आणि ती हरवण्याची भीतीही नाही. सोय मोठी झाली. पण ओईएम परवाना "यंत्राचा" म्हणजे नक्की कशाचा, हेही त्यामुळे उघड झाले: मदरबोर्डचा. डिस्क बदला, मेमरी वाढवा, डबा बदला, हरकत नाही. सदोष बोर्ड उत्पादकाने वॉरंटीत बदलून दिला तर परवाना टिकतो. जास्त वेगाच्या हौसेने बोर्ड बदलला तर तो नवा संगणक झाला आणि जुना परवाना जुन्या बोर्डाबरोबर गेला.

२९ जुलै २०१५ ला आलेल्या विंडोज १० ने तिसरी पायरी गाठली. सात आणि आठ वापरणाऱ्यांना वर्षभर फुकट बढती होती. तशी बढती घेतलेल्यांना स्वतंत्र की मिळालीच नाही; यंत्राची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली गेली आणि त्या नोंदीलाच डिजिटल लायसन्स म्हटले गेले. २०१६ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटनंतर ती नोंद मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागली. मदरबोर्ड बदलल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन "या यंत्राचे हार्डवेअर नुकतेच बदलले" या अर्थाचा पर्याय निवडायचा, खात्यातल्या यादीतून जुने यंत्र दाखवायचे, की परवाना नव्यावर येतो. यात मेख एकच. खाते जोडायचे ते जुने मशीन चालू असताना. बोर्ड जळल्यावर जोडायला जावे तर यादीत नावच नसते. शिवाय खात्याशी जोडल्याने वर्ग बदलत नाही. ओईएम होती ती ओईएमच राहते. वर्ग-२ ची जमीन ऑनलाइन उताऱ्यावर आली म्हणून वर्ग-१ होत नाही.

आता पुन्हा काउंटरकडे. समजा, एखाद्या कर सल्लागाराचा २०१६ साली जोडून घेतलेला संगणक आहे, विंडोज सुटी घेतलेली आहे, पेटी कपाटातून शोधून सोबत आणलेली आहे. कारागीर काळी खिडकी उघडतो आणि एसएलएमजीआर ही आज्ञा, पुढे तिरकी रेघ आणि डीएलआय अशी तीन अक्षरे टाइप करतो. पडद्यावर छोटी चौकट येते. तिच्यात आवृत्तीचे नाव, कीची शेवटची पाच अक्षरे आणि मुख्य म्हणजे चॅनल. तिथे ओईएम दिसले तर बोलणे संपले. इथे रिटेल दिसते. कारागिराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू येते. "साहेब, ही जाईल."

मग तो तीच आज्ञा यूपीके या अक्षरांसह देतो आणि जुन्या यंत्रातली की निघते. गमतीची गोष्ट अशी, की ती निघाल्याची खबर कंपनीच्या सर्व्हरला जात नाही. घर सोडल्याचे सोसायटीला कळवण्याची सोयच नाही, फक्त नव्या घरात आल्याचे कळते. नव्या यंत्रावर पंचवीस अक्षरे भरली जातात. होमची की होमलाच चालते, प्रोची प्रोला. कधी ती लगेच स्वीकारली जाते. कधी उत्तर येते की ही की परवान्यापेक्षा जास्त संगणकांवर वापरली गेली आहे. तेव्हा वर्षानुवर्षे फोनचा मार्ग कामी येत असे. पडद्यावर त्रेसष्ट आकडे उमटत, सात-सातच्या नऊ गटांत. ते एकेक करून फोनवर दाबायचे. पलीकडचा यांत्रिक आवाज विचारणार, ही प्रत किती संगणकांवर घातली आहे? उत्तर: एक. मग तो अठ्ठेचाळीस आकडे सांगणार, सहा-सहाच्या आठ चौकटींत ते भरायचे. दहा भागांचा पंचनामा, चोवीस चिन्हांची वर्णमाला, चिपमधली कोष्टके, आणि या सगळ्याच्या शेवटी यंत्रणा येऊन थांबे ती माणसाने दाबलेल्या एका आकड्यावर.

करारातले हे निर्बंध विकणाऱ्याने लिहिलेले. ते बंधनकारक किती? इथे देशोदेशीची न्यायालये एकमेकांना पाठ दाखवून उभी आहेत.

हा वाद संगणकाहून जुना आहे. १९०४ साली अमेरिकेतल्या बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली आणि आत छापले की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: प्रत एकदा विकली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हात पोहोचत नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात गेल्या वर्षीची पाठ्यपुस्तके अर्ध्या किमतीत हात बदलतात, तेव्हा तिथल्या कुणालाही प्रकाशकाचा परवाना आठवत नाही. तो याच तत्त्वाचा रोजचा व्यवहार आहे.

सॉफ्टवेअर हे असे पुस्तक आहे का? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी मायक्रोसॉफ्टने भरलेल्या खटल्यात जवळजवळ हो म्हटले. ओईएम प्रत नव्या यंत्राबरोबरच विकावी, ही अट ज्याने करार केलेला नाही अशा पुढच्या व्यापाऱ्यावर लादता येणार नाही. त्यामुळे जर्मनीत ओईएम विंडोज उघडपणे सुटी विकली जाऊ लागली. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. एकरकमी पैसे घेऊन कायमचा वापर दिला असेल तर ती विक्रीच, आणि इंटरनेटवरून उतरवलेली प्रतही पुढे विकता येते. मात्र विकणाऱ्याने स्वतःकडची निरुपयोगी केली पाहिजे. आज्ञेतली ती यूपीके अक्षरे युरोपात जणू कायद्याचाच भाग झाली.

अमेरिकेत, जिथे 'द कास्टअवे'चा निकाल लागला होता तिथेच, काटा उलट फिरला. टिमथी व्हर्नर यांनी एका वास्तुरचनाकार कार्यालयाकडून ऑटोकॅडच्या जुन्या, अस्सल प्रती घेतल्या आणि ईबेवर विकायला काढल्या. १० सप्टेंबर २०१० रोजी तिथल्या नवव्या अपील न्यायालयाने ते अमान्य केले. कार्यालयाला ऑटोडेस्कने प्रत विकलीच नव्हती, फक्त वापरायला दिली होती. जे स्वतःच्या मालकीचे नव्हते ते कार्यालय विकणार कसे?

भारतातले चित्र तिसरेच. ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर म्हणजे माल, असे ठरवले. मुद्दा विक्रीकराचा होता. २ मार्च २०२१ च्या इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस निकालात न्यायालयाने म्हटले की परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे हे कॉपीराइटचे स्वामित्वधन नव्हे, कारण घेणाऱ्याच्या पदरात फक्त वापर पडतो. तिथेही मुद्दा कराचाच. कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअरच्या प्रतीची विक्री मूळ हक्कदाराकडे राखून ठेवताना "ती प्रत आधी विकली गेली असली तरी" या अर्थाचे शब्द होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते गाळले. पुनर्विक्रीचे दार त्यामुळे किलकिले झाले असे म्हणता येते. त्याच कायद्याचे कलम ६३ब मात्र स्पष्ट आहे. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. "ओरिजिनल टाकू की साधी?" असे हळू आवाजात विचारले जाते, तेव्हा "साधी" या निष्पाप शब्दामागे हे कलम उभे असते.

ऑनलाइन मिळणाऱ्या काही शे रुपयांच्या किया या दोहोंच्या मधल्या. अमेरिकेत विंडोज ११ होमची अधिकृत किंमत १३९ डॉलर आहे. तिची की पाच-सहाशे रुपयांत मिळत असेल तर ती बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक परवान्यातून किंवा मोडीत निघालेल्या यंत्रांवरून आलेली असते. आज चालते, सर्व्हरवर अडवली गेली की उद्या खालच्या उजव्या कोपऱ्यात "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" ही फिकट अक्षरे उमटतात. एक्सपी तीस दिवसांनी दार लावून घ्यायची. आताची विंडोज कामही करू देते, फक्त वॉलपेपर आणि रंग बदलू देत नाही. दंडुका गेला, टोमणा आला.

या सगळ्याला धार आली ती १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेने. त्या दिवशी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१६-१७ ची, अजून ठणठणीत असलेली यंत्रे बढतीच्या रांगेतून बाहेर पडली. रिटेल की ज्यांच्याकडे होती त्यांना नव्या यंत्रावर तीच विंडोज ११ साठीही चालली. ओईएमवाल्यांचा परवाना जुन्या यंत्रात अडकून राहिला. विंडोज ७ आणि ८ च्या जुन्या किया, ज्या २०१६ मध्ये फुकट बढती संपल्यावरही गुपचूप चालत होत्या, त्यांचा रस्ता कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्येच बंद केला होता.

लिनक्सच्या गल्लीत हा प्रश्नच उगवत नाही. तिथला परवाना प्रत करायला, वाटायला, बदलायला उघड मुभा देतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस ही भारतीय भाषांतली प्रणाली त्याच पायावर काढली. मग सगळे तिकडे का जात नाहीत? एमएस-सीआयटीच्या वर्गांत लाखो मराठी बोटे ज्या पडद्यावर माउस फिरवायला शिकली तो विंडोजचा होता. कर सल्लागाराचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, डिजिटल सही तिच्यावर चालते, प्रिंटरचा ड्रायव्हर तिच्यासाठी बनतो. परवाना हलवणे सोपे आहे, सवय हलवणे अवघड.

काउंटरवरचा तो कर सल्लागार आता निघाला आहे. नव्या यंत्राच्या कोपऱ्यातली फिकट अक्षरे गेली, पेटी त्याने पुन्हा पिशवीत घातली. मागे दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, हातात आठ वर्षांचा लॅपटॉप, मदरबोर्ड गेलेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून ते म्हणते, "राहू दे, यातली विंडोज तेवढी काढून द्या." कारागीर मान हलवतो. डिस्क काढून त्याच्या हाती देतो, फोटो आणि फायली त्यात आहेत. उरलेला लॅपटॉप संध्याकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर जातो. वजन करताना तो चार्जर वेगळा काढतो, बॅटरी वेगळी काढतो. बोर्ड आतच राहतो आणि त्यावरच्या चिपमध्ये, मुदत नसलेली, पूर्ण पैसे भरलेली पंचवीस अक्षरे.